पुलिदोर नावाचा शब्द

काही वर्षांपूर्वी एका फ्रेंच निबंधाचा मराठी अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडलो. निबंध राजकारणावर होता. लेखकानं एका पुढाऱ्याला 'आपल्या राजकारणाचा पुलिदोर' म्हटलं होतं आणि पुढे काही न सांगता तो दुसऱ्या मुद्द्याकडे वळला होता. फ्रेंच वाचकाला काही सांगायची गरजच नव्हती. मला होती. मी माझ्या फ्रेंचच्या बाईंना फोन केला. त्यांनी ऐशी ओलांडली होती, पण शब्दांच्या बाबतीत अजून तितक्याच चोख. "अरे, पुलिदोर म्हणजे नेहमी दुसरा येणारा," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "पण वाईट अर्थानं नाही हं."

हे 'वाईट अर्थानं नाही' काही डोक्यातून जाईना. मराठीत विशेषनामाचा शब्द झाला तर तो बहुधा वाईट अर्थानंच होतो. शकुनी, कुंभकर्ण, कळलाव्या नारद. पराभवासाठी तर आपल्याकडे गावाचं नावच आहे. निवडणुकीत कुणाची धूळधाण उडाली की त्याचं 'पानिपत' होतं. पण माणूस हयात असताना, बाजारात हिंडत असताना, त्याच्या नावाचा सामान्यनाम म्हणून वापर व्हावा, तो हरण्यासाठी व्हावा आणि तरी त्यात माया असावी, असं उदाहरण मला मराठीत आठवलं नाही. म्हणून मी या रेमों पुलिदोरच्या मागे लागलो. आधी अनुवादापुरता, मग नुसताच.

सायकलींच्या शर्यतींशी माझा काही संबंध नाही. लहानपणी तासाच्या भाड्यानं घेतलेल्या सायकलीवरून पडलो, तेवढाच काय तो. पण 'तूर द फ्रान्स' ही शर्यत इतिहासात रस असणाऱ्यानं टाळू नये अशी गोष्ट आहे. १९०३ मध्ये एका क्रीडा-दैनिकानं खप वाढवायला ती सुरू केली. तीन आठवडे रोज शे-दोनशे किलोमीटर सायकल हाणत देशाला वळसा घालायचा. रोजच्या टप्प्याला लागलेल्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला, आणि त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. पिवळी का, तर त्या दैनिकाचा कागद पिवळा होता. १९१९ पासून ही जर्सी आहे. शर्यत बघायला तिकीट लागत नाही. ती तुमच्या दारावरून जाते. शेतकरी बांधावर खुर्ची टाकून बसतो, वर्षातून एकदा वीस सेकंद सगळे सायकलपटू त्याच्यासमोरून जातात, आणि त्या वीस सेकंदांवर वर्षभर बोललं जातं.

पुलिदोर अशाच एका बांधावरचा. जन्म १५ एप्रिल १९३६, मध्य फ्रान्समधल्या क्रझ जिल्ह्यात, मासबारो-मेरिन्या नावाच्या खेड्यात. आईबाप दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं कसणारे. क्रझ हा फ्रान्सच्या गरीब जिल्ह्यांपैकी एक, आपल्या कोकणासारखा माणसं बाहेर पाठवणारा. इथले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसमध्ये घरं बांधायला जात आणि बायका मागे शेत सांभाळत. पुलिदोरची शाळा लवकर सुटली आणि तो भावांबरोबर शेतावर राबू लागला. आगगाडीत पहिल्यांदा बसला तो सक्तीच्या लष्करी नोकरीवर जाताना. त्या नोकरीनं त्याला अल्जीरियाच्या युद्धात नेलं. तिथे तो गाडी चालवत असे. परतला तेव्हा अंगावर बरंच वजन चढलेलं होतं. ते उतरवून १९६० मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो व्यावसायिक सायकलपटू झाला. बाकीच्यांच्या मानानं उशिराच. कोणतीही शर्यत सुगीइतका वेळ चालत नाही, असं तो पुढे सांगत असे. फुशारकी नव्हे, ज्यानं दोन्ही केलंय त्याचा तो साधा हिशेब होता.

त्याला घेतलं मेर्सिए या सायकल बनवणाऱ्या कंपनीच्या संघानं. जर्सी जांभळी. संघाचे प्रमुख आंतोनँ मान्य. (हे त्यांचं आडनाव. आपल्या 'मान्य'शी संबंध नाही, पण त्यांच्यापुढे संघातल्या सगळ्यांना सगळं मान्यच असे.) १९३१ आणि १९३४ ची तूर जिंकलेले हे गृहस्थ डोक्याला बेरे टोपी, अंगात वाण्यासारखा पांढरा डगला अशा वेषात मोटारीतून फिरत आणि आपल्या पोरांना अहो-जाहो करत. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, पुलिदोरनं मिलान-सान रेमो ही इटलीतली जुनी, मानाची शर्यत जिंकली. वाटेत चाक पंक्चर झालं, तो मागे पडला, सोडून द्यायच्या बेतात होता. मान्य यांनी सोडू दिलं नाही. त्याच वर्षी तो फ्रान्सचा राष्ट्रीय विजेताही झाला. १९६२ मध्ये पहिल्यांदा तूरला उतरला तो हाताला प्लास्टर घालून, आणि तरी तिसरा आला.

पहिला कोण आला? झाक आंकतिल.

आंकतिलबद्दल बोलल्याशिवाय पुलिदोरबद्दल बोलता येत नाही, आणि दोघांच्याही आयुष्यात हीच अडचण होती. आंकतिल नॉर्मंडीचा, दोन वर्षांनी मोठा. पाच वेळा तूर जिंकणारा पहिला माणूस. एकट्यानं घड्याळाविरुद्ध सायकल हाणायची असली की त्याला तोड नव्हती. डोंगरात तो फक्त मागे पडणार नाही एवढं बघे, आणि मग सपाटीवर घड्याळाच्या टप्प्यात सगळ्यांचा हिशेब चुकता करे. सोनेरी केस, नीट विंचरलेले. शँपेन आवडे आणि ते लपवत नसे. उत्तेजक औषधांबद्दलही, इतर गप्प असताना, तो उघड बोले. लोकांना तो भावत नसे.

दोघांची खरी लढत झाली ती १९६४ मध्ये. आंकतिल त्या वसंतात इटलीची मोठी शर्यत जिंकून आलेला, पुलिदोर स्पेनची जिंकून. या एका उन्हाळ्यावर फ्रान्समध्ये साठ वर्षं लिहिलं जातंय आणि बहुतेक लिखाणात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, दुर्दैव. मी वही घेऊन त्या तीन आठवड्यांचा जमाखर्च मांडून पाहिला, आणि मला तो शब्द पटेना.

नववा टप्पा मोनाकोत संपत होता, स्टेडियमच्या धावपट्टीवर. पुलिदोरनं सगळा जोर लावून पहिल्यांदा रेषा ओलांडली आणि थांबला. टप्पा संपायला अजून एक फेरी बाकी होती. ती फेरी जिंकली आंकतिलनं, आणि पहिल्या क्रमांकासाठी मिळणारं एक मिनिट बक्षीस त्याच्या खात्यात जमा झालं. फेऱ्या मोजण्यात चूक झाली याला दुर्दैव म्हणायचं का?

मग अँडोरा. विश्रांतीच्या दिवशी बाकीचे पाय मोकळे करायला सायकलवर निघाले, आंकतिल एका मेजवानीत भाजलेलं मेंढीचं मटण खात बसला. त्याआधी एका ज्योतिषानं वर्तमानपत्रातून भाकीत केलं होतं की चौदाव्या टप्प्यात आंकतिलवर घोर संकट येणार. तो या गोष्टी मानणारा होता. दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच एन्वालिराचा घाट, आणि आंकतिलचे पाय चालेनात. माथ्यावर तो चार मिनिटं मागे. पाण्याच्या बाटलीत शँपेन भरून दिली म्हणून तो सावरला अशी एक दंतकथा आहे. ते असो. पण धुक्यातून, समोरचं दिसत नसताना, तो ज्या वेगानं घाट उतरला ते मात्र खरं. त्यानं सगळ्यांना गाठलं. आणि तूलूझ जवळ आलं असताना पुलिदोरच्या चाकाचे स्पोक तुटले. सायकल बदलली, मेकॅनिकनं घाईत असा काही ढकलला की तो पडलाच. अडीच मिनिटांहून जास्त वेळ गेला. स्पोक तुटणं दुर्दैव, कबूल. पडणं आपल्याच माणसाच्या हातून.

दुसऱ्या दिवशी पुलिदोरनं पिरेनीजमध्ये ल्यूशोंचा टप्पा एकट्यानं जिंकून बरंच काही परत मिळवलं. मग बायोनला घड्याळाचा टप्पा. पुन्हा पंक्चर, तरी आंकतिलपेक्षा फक्त ३७ सेकंद मागे. पिवळी जर्सी आंकतिलच्या अंगावर गेली. १२ जुलैच्या सकाळी दोघांत अंतर होतं ५६ सेकंदांचं, आणि समोर होता प्युई द दोम.

प्युई द दोम हा क्लेरमाँ-फेराँ शहराबाहेरचा विझलेला ज्वालामुखी. रस्ता स्क्रूच्या आट्यांसारखा डोंगराभोवती वळत वर जातो. शेवटचे चार-पाच किलोमीटर असे उभे की चालत जाणाऱ्यालाही धाप लागावी. त्या दिवशी पाच लाख माणसं डोंगरावर होती, असं त्या काळच्या वर्णनांत येतं. आकडा थोडा फुगलेला असेल, पण छायाचित्रं पाहिली तर रस्त्याला कठडे नाहीत, माणसांचेच कठडे आहेत.

त्यातलं एक छायाचित्र फ्रान्समध्ये शिवाजी महाराजांच्या तसबिरीइतकं पाहिलं गेलं असेल. पुलिदोर आणि आंकतिल अगदी शेजारी शेजारी, एकमेकांवर रेललेले, कोपराला कोपर घासतंय. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. स्पेनचे दोन पहाडी गडी, हिमेनेझ आणि बाहामोंतेस, पुढे निघून गेलेत, त्यांची या दोघांना पर्वा नाही. मजा अशी की आंकतिलनं खरं तर मागे राहायला हवं होतं. मागे राहिलं की वारा कमी लागतो, दम वाचतो. पण मागे राहिलं की समोरच्याला कळतं, हा दमलाय. म्हणून तो शेजारी राहिला, डोंगराच्या बाजूनं, जणू काही झालंच नाही. त्याच्यात काही उरलेलं नव्हतं. पुलिदोरला ते कळलं नाही. तो वाट बघत राहिला. माथा किलोमीटरभरावर आला तेव्हा कुठे आंकतिलची सायकल हळूहळू मागे सरकू लागली, आणि पुलिदोर सुटला.

माथ्यावर पुलिदोर ४२ सेकंद आधी पोचला. म्हणजे पिवळी जर्सी १४ सेकंदांनी आंकतिलकडेच. आंकतिलनं संघप्रमुख राफाएल जेमिनियानीला विचारलं, किती? चौदा, म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणजे गरजेपेक्षा तेरा जास्त. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की ती तशीच घडली असो वा नसो, आंकतिल तिच्यात पुरता दिसतो. दोन दिवसांनी, १४ जुलैला, व्हर्साय ते पॅरिस घड्याळाचा शेवटचा टप्पा त्यानं जिंकला. एकूण फरक ५५ सेकंद. मोनाकोतल्या त्या एका मिनिटापेक्षा कमी.

माझ्या वहीतल्या हिशेबात मुख्य खर्च असा: एक मोजण्याची चूक, एक मेकॅनिकचा धक्का आणि एका डोंगरावर जास्त वेळ बघितलेली वाट. पंक्चर आणि स्पोक दैवाच्या खात्यात टाकले तरी बाकीचं दैवाच्या खात्यात बसत नाही. मग लोकांनी याला दुर्दैव का म्हणावं?

मराठी वाचकाला इथे कर्ण आठवेल. मलाही आठवला. कर्णावर आपला जीव आहे आणि 'मृत्युंजय'च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या त्या काही उगीच नव्हेत. पण पुलिदोर कर्ण नाही. त्याच्यावर कुणी अन्याय केला नव्हता, कुणी कवचकुंडलं मागून नेली नव्हती, शाप नव्हता. त्याचं रथचक्र जमिनीनं गिळलं नाही, तो फेऱ्या मोजायला चुकला.

नेहमीचं उत्तर असं देतात की हे दोन फ्रान्समधलं भांडण होतं. आंकतिल म्हणजे नवा फ्रान्स, मोटारींचा, घड्याळाचा, नफ्याचा. पुलिदोर म्हणजे जुना, मातीचा. याच काळात शेतकरी गावं सोडत होते, ट्रॅक्टर येत होते, छोटी शेतं मोठ्यांत विरत होती. समाजशास्त्रज्ञ आंरी माँद्रास यांचं १९६७ मधलं पुस्तक या सगळ्याला थेट 'शेतकऱ्यांचा अंत' असं नाव देतं. शहरात येऊन कारखान्यात लागलेल्या माणसाला रस्त्याकडेला उभं राहून 'पुपू' म्हणून ओरडताना आपल्या बापाला हाक मारल्यासारखं वाटत असेल. पुपू हे पुलिदोरचं लाडाचं नाव. त्याच्या लोकप्रियतेला लोकप्रियता न म्हणता 'पुपुलारिते' म्हणायची पद्धत पडली. फ्रेंचमधली ही कोटी मराठीत आपोआप मोडते, पण ऐकू येते.

हे उत्तर चांगलं आहे, मात्र अर्धंच. कारण आंकतिलही शेतकऱ्याचाच पोरगा होता. त्याच्या वडिलांची स्ट्रॉबेरीची शेती होती आणि तोही लहानपणी त्या वाफ्यांतून वाकलेला. आणि पुलिदोर पैशाबाबत काही भोळा नव्हता. तूर संपली की गावोगावी छोट्या शर्यती होत. त्यांत कमाई ठरलेल्या मानधनाची, आणि मानधन लोकांना तुम्ही किती हवेत यावर. दोघांचे दलाल वेगळे, आंकतिलचा दानिएल दुसे, पुलिदोरचा रोजे पिएल, आणि दोघेही पक्के. हरणाऱ्या पुलिदोरला मानधनात जिंकणाऱ्याच्या बरोबरीनं मोजावं लागे. जितका मी दुर्दैवी ठरलो तितका लोकांना आवडलो आणि तितके पैसे मिळवले, असं तो स्वतःच हसत सांगत असे. दुर्दैव हा शब्द त्यालाही सोयीचा होता.

मला वाटतं, फरक जन्माचा नव्हता, हरल्यावर काय केलं याचा होता. मेकॅनिकनं पाडलं तर पुलिदोर मेकॅनिकवर डाफरला नाही. फेरी चुकली तर त्यानं कारण शोधलं नाही. रात्री जेवला आणि शांत झोपला. शेतकरी कुटुंबात वाढलेल्यांना ही वागणूक ओळखीची असते. गारपीट झाली की माणूस बांधावर जाऊन उभा राहतो, बघतो, परत येतो. पेरणी दोन दिवस उशिरा केली ही त्याची चूकही असू शकते, पण गावात कुणी ती काढत नाही. सगळे म्हणतात, पाऊस असा झाला. पुलिदोरच्या चुकांना फ्रान्सनं दुर्दैव म्हटलं ते याच रीतीनं. घरच्या माणसाचा पंचनामा करत नाहीत.

आणि या मायेची झळ बसली ती आंकतिलला. १९६४ ची तूर जिंकून पॅरिसमध्ये येताना त्यानं शिट्ट्या ऐकल्या. पाचदा जिंकलो, तरी टाळ्या त्याला का? हा प्रश्न त्याला आतून कुरतडत होता. १९६५ मध्ये तो तूरला गेलाच नाही. त्याऐवजी त्यानं एक अचाट उद्योग केला. आठवडाभर चालणारी आल्प्समधली दोफिने शर्यत जिंकली, पुलिदोरला दुसरा टाकून, आणि त्याच संध्याकाळी विमानानं बोर्दोला जाऊन मध्यरात्री सुटणाऱ्या, साडेपाचशे किलोमीटरांहून लांब बोर्दो-पॅरिस शर्यतीत उतरला. पहाटे गळून गेला, सोडून द्यायला निघाला, जेमिनियानीनं हिणवून पुन्हा सायकलवर बसवलं, आणि त्यानं तीही जिंकली. हे सगळं कशासाठी? लोकांनी एकदा तरी त्याच्यासाठी मनापासून ओरडावं म्हणून. त्या दिवशी ते ओरडले. सवय मात्र लागली नाही. या सगळ्या कथेत ज्याच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, तो माणूस आंकतिल आहे.

पुढचं भराभर सांगतो. १९६५ मध्ये आंकतिल नाही म्हणजे पुलिदोरच, असं सगळे धरून चालले. त्यानं माँ व्हाँतूचा भीषण डोंगर जिंकला आणि तूर हरला, बावीस वर्षांच्या फेलिचे जिमोंदी या ऐन वेळी संघात आलेल्या इटालियन पोराकडून. १९६६ मध्ये आंकतिलनं आपलं बळ संघातल्या ल्यूसिएँ एमारच्या मागे लावलं, तो जिंकला आणि पुलिदोर तिसरा. (त्याच तूरमध्ये बोर्दोला पहिल्यांदा उत्तेजकांची तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी ज्याचं दार ठोठावलं तो पहिला सायकलपटू पुलिदोरच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून सायकलवरून उतरून निषेध केला.) १९६७ मध्ये त्यानं आपली आशा सोडून रोजे पँजोंला जिंकून दिलं. १९६८ मध्ये शर्यतीतल्याच एका मोटारसायकलनं त्याला उडवला. मग एडी मर्क्स आला आणि सगळ्यांचाच प्रश्न मिटला.

पिवळी जर्सी? चौदा वेळा तूर, आठ वेळा पहिल्या तिघांत, सात टप्पे जिंकले, आणि पिवळी जर्सी एक दिवसही नाही. १९६७ मध्ये सुरुवातीच्या छोट्या टप्प्यात ती ६ सेकंदांनी हुकली. १९७३ मध्ये, हॉलंडमध्ये, योप झूटमेल्ककडून हुकली ती ०.८ सेकंदानं. डोळ्याची पापणी दोनदा लववा, तेवढा वेळ.

पण आकड्यांकडे नीट बघितलं तर 'शाश्वत दुसरा' हे बिरूदही खोटं निघतं. पुलिदोर तूरमध्ये दुसरा आला तो तीनदाच, १९६४, १९६५ आणि १९७४ मध्ये. तिसरा पाचदा. सर्वांत जास्त वेळा दुसरा येण्याचा विक्रम त्या झूटमेल्कचा, सहा वेळा. त्याला कुणी शाश्वत काही म्हणत नाही, कारण तो १९८० मध्ये एकदा जिंकला. आणि पुलिदोर हरतच होता असंही नाही. १९७२ च्या मार्चमध्ये पॅरिस-नीस या शर्यतीच्या अखेरच्या दिवशी, एझच्या चढावर, छत्तिशीच्या उंबरठ्यावरच्या या माणसानं खुद्द मर्क्सला मागे टाकलं आणि शर्यत ६ सेकंदांनी जिंकली. पुढच्या वर्षी तीच शर्यत पुन्हा जिंकली. १९७४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तूरच्या पिरेनीजमधल्या प्ला दादेच्या चढावर मर्क्ससकट सगळे मागे राहिले. १९७६ मध्ये चाळिसाव्या वर्षी तो तूरला पुन्हा तिसरा आला. हे सगळं लोकांना माहीत होतं. तरी त्यांनी जपून ठेवलं ते हरणंच, आणि कधी कधी मला त्या प्रेमात थोडी क्रूरता दिसते. जिंकलेला पुलिदोर त्यांना नको होता की काय? तूर जिंकली असती तर आज माझ्याबद्दल कुणी बोललं नसतं, अशा अर्थाचं तो म्हणत असे. हे शहाणपण होतं की सवयीनं आलेली सोसण्याची ताकद, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर तो आणि आंकतिल मित्र झाले. तरुणपणी नाइलाजानं एकमेकांत अडकलेली माणसं म्हातारपणी बोलू लागतात, तसे. १९८७ मध्ये आंकतिल पोटाच्या कर्करोगानं गेला, ५३ व्या वर्षी. शेवटच्या दिवसांत तो पुलिदोरला म्हणाला होता, इथेही तू दुसराच येणार. ही गोष्ट पुलिदोरनं स्वतः सांगितलेली आहे. सांगताना तो हसायचा म्हणतात.

तो दुसरा आला, पण ३२ वर्षांनी. मधल्या काळात दर जुलैमध्ये तो तूरच्या मेळ्यात दिसे. पिवळी जर्सी प्रायोजित करणाऱ्या बँकेसाठी तो काम करत होता, त्यामुळे सायकलवर असताना एकदाही न मिळालेला पिवळा रंग आता रोज अंगात. लोक रांग लावून सही घेत. त्यांत असेही असत ज्यांनी त्याला कधी सायकल चालवताना पाहिलंच नव्हतं. २०१९ च्या उन्हाळ्यातही तो तिथे होता. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, सँ-लेओनार-द-नोब्ला या लिमुझँमधल्या आपल्या गावी, तो गेला.

दीड वर्षानं, २७ जून २०२१ ला, ब्रिटनीतल्या म्यूर-द-ब्रतान्यच्या चढावर एका डच पोरानं टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सी घातली. मात्यू व्हान दर पूल, पुलिदोरच्या मुलीचा मुलगा. रेषा ओलांडताना त्यानं आकाशाकडे बोट केलं आणि मग रडत राहिला. जर्सी सहा दिवस त्याच्याकडे राहिली. फ्रान्समध्ये त्या दिवशी काही जुनी देणी फिटल्यासारखं लिहिलं गेलं. मला त्यात जरा अतिशयोक्ती वाटली, पण ती चित्रफीत मी तीनदा पाहिली हेही खरं.

२०२३ मध्ये तूर पस्तीस वर्षांनी पुन्हा प्युई द दोमवर गेली. ९ जुलैचा तो टप्पा मुद्दाम सँ-लेओनारहून, पुलिदोरच्या गावातून, सोडला होता. आता त्या डोंगरावर दातेरी रुळांची आगगाडी आहे आणि रस्ता तिच्या बाजूनं उरलेला, चिंचोळा. निसर्ग जपायचा म्हणून शेवटच्या चार किलोमीटरांवर प्रेक्षकांना बंदी. मी तो टप्पा हैदराबादेत, रविवारी संध्याकाळी, फोनच्या पडद्यावर पाहिला. जिथे १९६४ मध्ये माणसांचे कठडे होते तिथे गवत. कुणी ओरडत नाही. सायकलपटूंच्या तोंडाचे आ वासलेले, आणि आवाज फक्त हेलिकॉप्टरचा. टप्पा एका कॅनेडियननं जिंकला.

अनुवादाचं सांगायचं राहिलं. 'आपल्या राजकारणाचा पुलिदोर' या शब्दांसाठी मी आधी 'कायमचा उपविजेता' लिहिलं, मग खोडून 'दुर्दैवी वीर', मग तेही खोडलं. बाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, "तसाच ठेव ना. पानिपतही कधीतरी नुसतं गावच होतं." मी पुलिदोर तसाच ठेवला आणि तळटीप दिली नाही. मुद्रितशोधकानं समासात पेन्सिलीनं विचारलं होतं, 'हे कोण?' उत्तर लिहायला समास पुरला नसता.